प्लाझ्मा टेबलाला जड सांगाडा लागतो?

प्लाझ्मा टेबल म्हणजे संगणकाच्या हुकमाने (सीएनसी) टॉर्च फिरवून, विजेच्या तापलेल्या झोताने पत्रा कापणारं यंत्र. ‘सीएनसी म्हटलं की सांगाडा जाडजूडच हवा, नाहीतर कट थरथरतो.’ मुंबईच्या दारूखाना भंगार बाजारात लोखंडी चॅनेल निवडताना हा सल्ला हमखास मिळतो. तो मिलिंग मशीनवरून आलेला आहे. तिथे कटर धातूत घुसून जोर लावतो, म्हणून वजन लागतं. प्लाझ्मा टॉर्च कापताना सहसा पत्र्याच्या दीड ते तीन मिमी वरून जाते. टॉर्च धरून सरकणाऱ्या आडव्या पुलावर, म्हणजे गॅन्ट्रीवर, भार असतो तो टॉर्चचा आणि केबलचा, बस.

उलट जड गॅन्ट्रीच नडते. 3 मिमीचा पत्रा मिनिटाला दोन-तीन मीटर वेगाने कापताना कोपऱ्यावर चटकन वळावं लागतं. वजन जास्त असेल तर मोटर स्टेप (ठरलेलं पाऊल) चुकवते, किंवा वेग मंदावून कोपरा वितळतो. चौकोनी पाइप, ॲल्युमिनियमची हलकी गॅन्ट्री, नेमा 23 मापाची स्टेपर मोटर आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली मोटर चालवणारी ड्रायव्हर सर्किटं घरगुती कामाला पुरतात. खालचं टेबल मात्र मजबूतच हवं: ठिणग्या आणि धूर झेलणाऱ्या चार बाय चार फुटी ट्रेमध्ये चार इंच पाणी म्हणजे दीडशे किलो, पत्रा वेगळाच.

वाचलेले पैसे टॉर्चची उंची सांभाळणाऱ्या सर्किटवर घाला. तापलेला पत्रा वाकतो; टॉर्चपासूनचं अंतर वाढलं की आर्कचं, म्हणजे दोघांमधल्या विजेच्या झोताचं, व्होल्टेज वाढतं, ते ओळखून सर्किट टॉर्च जागेवर आणतं. उरले तर हवा कोरडी करणारा एअर ड्रायर घ्या. जुलैतल्या मुंबईत टॉर्चला हवा पुरवणारा कंप्रेसर हवेबरोबर पाणीही ओकतो, आणि टॉर्चचे नोझल-इलेक्ट्रोड बघता बघता खलास होतात.