मोक्याचा फटका आणि मोक्याचा खेळाडू

31 ऑक्टोबर 2001. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, म्हणजे वर्ल्ड सिरीजचा, चौथा सामना 3-3 असा बरोबरीत अडकलेला, दहावी इनिंग चालू. घड्याळात बारा वाजून गेले, तारीख बदलली आणि डेरेक जीटरनं अॅरिझोनाच्या ब्युंग-ह्युन किमचा चेंडू उजवीकडच्या भिंतीपलीकडे धाडला, म्हणजे होमरन मारला. सामना यांकीजनी जिंकला. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर खेळ काही दिवस बंद होता, म्हणून वर्ल्ड सिरीज पहिल्यांदाच नोव्हेंबरात शिरली होती आणि जीटर त्या रात्रीपासून ‘मिस्टर नोव्हेंबर’ झाला. त्याच सिरीजमधला त्याचा पूर्ण हिशोब मात्र सहसा कुणी सांगत नाही. 27 वेळा बॅटिंग, 4 हिट (बेस गाठून देणारे फटके), म्हणून सरासरी .148. सिरीजही यांकीज सातव्या सामन्यात हरले.

बेसबॉलमध्ये ‘क्लच’, म्हणजे ऐन मोक्याचा, या शब्दावर कित्येक दशकं जो वाद चाललाय, तो बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजल्यामुळे होतो. एक आहे मोक्याचा फटका, म्हणजे घडून गेलेली घटना. दुसरा आहे मोक्याचा खेळाडू, म्हणजे दडपण आलं की ज्याचा खेळ एरवीपेक्षा उंचावतो असा माणूस. पहिल्याबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्याचा.

आधी पहिल्या गोष्टीकडे बघू, कारण ती चक्क मोजता येते. इनिंग कितवी, धावफलक काय, बाद किती, कुठल्या बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यावर) कोण, यावरून आजवरच्या हजारो सामन्यांच्या आधारे प्रत्येक क्षणी संघाची जिंकण्याची शक्यता काढतात. फटक्याआधीची आणि नंतरची शक्यता यांतला फरक म्हणजे त्या फटक्याचं मोल. जीटर बॅटिंगला आला तेव्हा यांकीजची शक्यता निम्म्याच्या आसपास होती, चेंडू भिंतीपलीकडे पडला तेव्हा शंभर टक्के. तोच होमरन संघ 9-0 ने पुढे असताना मारला असता तर आकडा जागचा हलला नसता. कुठल्या क्षणाला किती वजन आहे याचंही माप आहे. सरासरी क्षण 1 धरला, तर 2 किंवा त्याहून जड असे क्षण एकूण बॅटिंगच्या साधारण दहा टक्केच येतात.

हा हिशोब मला फार मोलाचा वाटतो. खेळ बघताना छातीत जी धडधड होते, तिला हा आकडा खोटं ठरवत नाही, उलट दुजोरा देतो. 2005 साली अमेरिकन लीगच्या (दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत यांकीजचा अॅलेक्स रॉड्रिग्ज पहिला आणि बॉस्टनचा डेव्हिड ऑर्टिझ दुसरा आला. तेव्हा ऑर्टिझच्या बाजूनं बोलणारे म्हणत की त्याचे फटके ऐन मोक्यावर बसले. वर्षभरात काय घडलं यासाठी बक्षीस द्यायचं असेल, तर तो मुद्दा अगदी रास्त होता. त्याच सप्टेंबरात त्याच्या बॉस्टन संघानं, रेड सॉक्सनं, ऑर्टिझला एक फलकही दिला होता, संघाच्या इतिहासातला सर्वात मोठा क्लच हिटर म्हणून.

इथंच गाडी रूळ बदलते. ‘त्यानं मोक्यावर मारले’ या वाक्याचं ‘तो मोक्यावर मारतो’ कधी झालं, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. पहिलं वाक्य नोंद आहे, दुसरं भाकीत.

भाकीत असेल तर ते तपासायला हवं. 1977 साली बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डिक क्रेमर यांनी ते साध्या पद्धतीनं तपासलं. 1969 च्या मोसमात जे बॅटर आपल्या एरवीच्या खेळाच्या मानानं मोक्यावर जास्त चमकले, ते 1970 मध्येही तसेच चमकले का? अंगात गुण असेल तर तो वर्षभरात नाहीसा होत नाही. होमरन मारणारा पुढच्या वर्षीही होमरन मारतो. क्रेमर यांना दोन वर्षांमध्ये काही नातंच सापडलं नाही. आकडेमोड करणाऱ्यांनी त्यावरून निकाल लावून टाकला की क्लच हिटर अशी चीजच नसते.

निव्वळ योगायोग किती नायक घडवतो, हे कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. तंतोतंत सारखे शंभर बॅटर घ्या, प्रत्येकाची खरी सरासरी .300. कुणातही जास्तीचं धैर्य नाही की कमी नाही. प्रत्येकाला मोक्याच्या दहा संधी द्या. गणितानं त्यांपैकी सुमारे पंधरा जण पाच किंवा जास्त हिट मारतील. तेवढेच सुमारे पंधरा जण एकच हिट मारतील किंवा एकही नाही. पहिल्या पंधरांबद्दल लोक म्हणतील, काय काळीज आहे. दुसऱ्या पंधरांबद्दल म्हणतील, ऐनवेळी कच खातो. दहा संधी हा आकडा मी मुद्दाम घेतला, कारण एका सिरीजमध्ये यापेक्षा फार जास्त मोक्याची बॅटिंग सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही.

तरीही क्रेमर यांचा निकाल अखेरचा नव्हता, आणि तो बदलायला लावणारं नाव बिल जेम्स यांचं आहे. आकडेवारीच्या बेसबॉल अभ्यासाचे ते जवळपास जनक. 2004 च्या बेसबॉल रिसर्च जर्नलमध्ये त्यांनी लिहिलं की ही पद्धतच कमकुवत आहे. दोन वर्षांत नातं दिसलं नाही याचा अर्थ गुण नाही असा होत नाही. धुकं इतकं दाट असेल की समोरचा माणूस दिसणारच नाही. विशेष म्हणजे जेम्स तेव्हा रेड सॉक्सचेच सल्लागार होते. त्याच ऑक्टोबरात ऑर्टिझनं यांकीजविरुद्ध 18 तारखेच्या पहाटे बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून एक सामना जिंकून दिला आणि त्याच तारखेच्या रात्री चौदाव्या इनिंगमध्ये दुसरा. 0-3 ने मागे पडलेला संघ ती सिरीज जिंकला, आणि पुढे 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीजही.

धुकं किती दाट आहे, तेही मोजता येतं. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या अभ्यासकांनी खूप मोठ्या आकडेवारीवर हाच प्रश्न घेतला आणि त्यांना गुण सापडला. साधारण सहातला एक बॅटर दडपणाखाली बेसवर पोचण्याचं आपलं प्रमाण .008 किंवा जास्त वाढवतो, आणि जवळपास तेवढेच बॅटर तेवढंच घालवतात. म्हणजे .340 चा .348. नियमित खेळणारा बॅटर मोसमात सहाशेच्या आसपास वेळा बॅटिंगला येतो, त्यांत जड क्षण सुमारे साठ. साठांवर .008 लावा: वर्षाला बेसवर पोचण्याची जेमतेम अर्धी जास्तीची वेळ. आता साठ संधींमध्ये नुसत्या योगायोगानं होणारी वरखाली काढली, तर ती .060 च्या आसपास भरते. गुणापेक्षा योगायोगाचा गोंगाट सातआठ पट मोठा. योगायोग त्या गुणाएवढा लहान व्हायला सुमारे 3,500 जड संधी हव्यात, म्हणजे एकाच माणसानं अठ्ठावन्न मोसम खेळायला हवं.

म्हणून माझं उत्तर असं आहे: मोक्याचा खेळाडू असतो, पण तो कोण हे त्याची कारकीर्द संपली तरी तुम्हाला ओळखता येत नाही. ‘क्लच ही दंतकथा आहे’ म्हणणारे आणि ‘मी डोळ्यांनी बघितलंय’ म्हणणारे, दोघंही इथं चुकतात.

डोळ्यांनी बघितलेलं कसं फसवतं, याला ऑर्टिझचंच 2013 चं वर्ष घ्या. डेट्रॉइटविरुद्धच्या सिरीजमध्ये दुसऱ्या सामन्यात, आठव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना त्याचा होमरन बसला आणि 1-5 चा सामना 5-5 झाला. तो फटका बॉस्टनमध्ये कुणीही विसरणार नाही. पण त्या अख्ख्या सिरीजमध्ये त्याच्या 22 बॅटिंगमध्ये हिट फक्त 2. लगेच पुढच्या वर्ल्ड सिरीजमध्ये 16 पैकी 11. तोच माणूस, तोच महिना. कारकिर्दीची गोळाबेरीज बघितली, तर नियमित मोसमात सरासरी .286 आणि बाद फेऱ्यांत .289. जीटरची .310 आणि .308. रेगी जॅक्सन ‘मिस्टर ऑक्टोबर’ झाला तो 1977 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात तीन पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) तीन पहिल्याच चेंडूंवर तीन होमरन मारून. वर्ल्ड सिरीजमध्ये त्याची सरासरी .357. पण त्याच्या आदल्या फेरीत, लीगच्या अंतिम सिरीजमध्ये, कारकिर्दीभरात .227. दडपण त्या फेरीतही होतंच.

एक गोष्ट मात्र या खेळाडूंच्या पारड्यात टाकायलाच हवी. बाद फेऱ्यांत समोर चांगले संघ आणि त्यांचे निवडक पिचर असतात, बहुतेक बॅटरची सरासरी तिथं घसरते. जीटरनं 158 सामने, म्हणजे जवळजवळ एक अख्खा मोसम, त्या पिचिंगपुढे आपला नेहमीचा खेळ टिकवला. मोठ्या लीगपर्यंत पोचलेला जवळपास प्रत्येक जण खालच्या लीगमधल्या दडपणातून गाळून आलेला असतो. खरोखर हातपाय गाळणारे तिथवर येतच नाहीत, आणि उरलेल्यांमधला फरक इतका बारीक असण्याचं हेही एक कारण असावं.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. बेसबॉलमध्ये बॅटिंगचा क्रम ठरलेला असतो आणि नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. शेवटच्या षटकांसाठी खास माणूस राखून ठेवायची सोय नाही. मोका कुणाच्या वाट्याला येणार, हे क्रमानुसार ठरतं. मॅनेजर बदली बॅटर पाठवू शकतो, पण मग ज्याला बसवलं तो त्या सामन्यातून कायमचा गेला.

कच खाणारा हा शिक्का सर्वात जास्त सोसला तो रॉड्रिग्जनं. 2006 च्या पहिल्या फेरीत 14 पैकी 1 हिट, शेवटच्या सामन्यात क्रमात थेट आठवा. 2009 मध्ये त्याच माणसानं बाद फेऱ्यांत .365 च्या सरासरीनं सहा होमरन मारले, त्यांतले दोन नवव्या आणि अकराव्या इनिंगमध्ये सामना बरोबरीत आणणारे, आणि यांकीज विजेते झाले. 2006 चा शिक्का मानून त्याला आधीच विकून टाकलं असतं, तर ते विजेतेपद कुठून आलं असतं?

10 ऑक्टोबर 2012 ला बाल्टिमोरविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये यांकीज 1-2 ने मागे असताना मॅनेजर जो जिरार्डी यांनी रॉड्रिग्जला बसवून राउल इबान्येझला पाठवलं. समोर जिम जॉन्सन, उजव्या हाताचा पिचर. इबान्येझ डावखुरा, आणि यांकी स्टेडियमची उजवीकडची भिंत जवळ. रॉड्रिग्ज त्या आठवड्यात उजव्या हाताच्या पिचरपुढे चाचपडत होता. कुणाचं काळीज किती मोठं, हा प्रश्न न विचारताही हा बदल पटण्यासारखा होता. इबान्येझनं तिथं होमरन मारून बरोबरी साधली आणि बाराव्या इनिंगमध्ये दुसऱ्या होमरननं सामना जिंकून दिला. तेव्हा तो 40 वर्षांचा होता, आणि त्याआधी त्याला कुणी ‘मिस्टर ऑक्टोबर’ म्हटलं नव्हतं.