प्रवाहाकडून दाबाकडे: मेंदूसारख्या संगणनामागची चुंबकांची गोष्ट

माणसाचा मेंदू जेमतेम २० वॅटवर चालतो. संगणकात मात्र ऊर्जेचा मोठा वाटा स्मृती आणि प्रोसेसर यांच्यात माहितीची ने-आण करण्यातच खर्ची पडतो. चेतासंस्थेच्या धर्तीवर सर्किटे बांधावीत, असा आग्रह अमेरिकेतील कॅलटेक विद्यापीठाचे कार्व्हर मीड यांनी १९९० मध्ये धरला, तो ऊर्जेच्या या हिशेबामुळेच. २०१४ मध्ये आयबीएमच्या ट्रूनॉर्थ चिपने १० लाख कृत्रिम चेतापेशी सुमारे ७० मिलिवॅटमध्ये चालवून दाखवल्या. तरी तिची स्मृती नेहमीच्या ट्रान्झिस्टरांचीच होती, वीज गेली की पुसली जाणारी.

चुंबक विसरत नाही. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये अल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांना स्वतंत्रपणे आढळले की, लागून असलेल्या चुंबकी थरांच्या दिशा बदलल्या की विद्युतरोधही मोठ्या प्रमाणात बदलतो. इलेक्ट्रॉनच्या भारासोबत त्याचा स्पिनही (त्याला इवलासा चुंबक बनवणारा गुणधर्म) कामाला लावणाऱ्या स्पिनट्रॉनिक्सचा पाया इथे पडला, आणि २००७ चे नोबेल या दोघांना मिळाले. चुंबकात लिहिलेले वाचण्याची उत्तम सोय झाली. लिहिण्याचा प्रश्न अधिक चिवट निघाला. आधी शेजारच्या तारेतून प्रवाह सोडून चुंबकक्षेत्र निर्माण करावे लागे. पुढे, १९९६ मध्ये स्लोन्चेव्स्की आणि बर्जर यांनी सुचवल्याप्रमाणे, खुद्द चुंबकातूनच प्रवाह नेऊन त्याची दिशा उलटवता येऊ लागली. दोन्हींत प्रवाह आला, म्हणजे उष्णता आली.

नुसत्या विद्युतदाबाने हे साधले तर प्रवाह जवळजवळ लागतच नाही. २००० मध्ये जपानच्या तोहोकु विद्यापीठात हिदेओ ओहनो यांच्या गटाने एका अर्धवाहकाचे चुंबकत्व दाबाने चालू-बंद केले, पण अतिशीत तापमानात. धातूंकडून तर फारशी आशा नव्हती. त्यांच्यातले मुबलक इलेक्ट्रॉन बाहेरचे विद्युतक्षेत्र पृष्ठभागापाशीच, एखाद्या अणूएवढ्या खोलीत अडवतात. तोड त्या अडचणीतच होती: थर इतका पातळ करायचा की त्यात पृष्ठभागाखाली फारसे काही उरूच नये.

ओसाकातील योशिशिगे सुझुकी यांच्या गटाने २००९ मध्ये नेमके हेच केले. लोखंडाचे मोजके अणुथर आणि त्यांना भिडलेला मॅग्नेशियम ऑक्साइड, एवढीच मांडणी. चुंबकत्वाला कोणती दिशा पसंत हे ठरवणारी ऊर्जा, दर नॅनोमीटरला १०० मिलिव्होल्टहूनही कमी क्षेत्रात, सुमारे ४० टक्क्यांनी बदलली. तीही खोलीच्या तापमानाला! माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच, कारण असे थर चुंबकी मेमरी बनवणाऱ्यांच्या ओळखीचे होते. त्या निबंधाच्या लेखकांत आज आयआयटी मुंबईत असलेले अश्विन तुळापुरकर आहेत, ही आपल्याकडच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी बाब. २०१२ पर्यंत दाबाच्या एका अत्यल्पकाळ टिकणाऱ्या ठोक्याने चुंबक उलटवणेही जमले. मात्र ठोका जरा लांबला तर चुंबकाची फेरी पूर्ण होते आणि तो मूळ दिशेला परततो.

मेंदूशी गाठ पडली ती नंतर. २०१७ मध्ये फ्रान्समधील ज्युली ग्रोलिए आणि सहकाऱ्यांनी एकाच नॅनो-दोलकाकडून, म्हणजे चेतापेशीसारख्या ठेक्यात आंदोलणाऱ्या अतिसूक्ष्म चुंबकाकडून, बोललेले अंक ओळखून घेतले. तो प्रवाहावर चालत होता. असे अनेक दोलक जोडायचे तर प्रत्येकाला वेगवेगळे आणि स्वस्तात वळवता यायला हवे. २०२० मध्ये स्वीडनमधील योहान ओकरमान यांच्या गटाने दोलकावर विद्युतदाब लावून त्याच्या आंदोलनांना होणारा अवरोध चार व्होल्टच्या टप्प्यात ४२ टक्क्यांनी बदलला. २०२२ मध्ये त्यांनी दोलकावर दाब लावणाऱ्या दारालाच (गेटला) स्मृती दिली. चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधला जोड, करते ते काम बरेचसे हेच.

अडते आहे ते परिणामाच्या आकारापाशी. चुंबक जितका लहान, तितकी त्याची दिशा टिकवणारी ऊर्जा वाढवावी लागते आणि मग ती हलवायला दाबाचा प्रभावही वाढवावा लागतो. कोबाल्ट-लोह-बोरॉनच्या थरांत तो साधारण १०० फेम्टोज्यूल प्रति व्होल्ट-मीटर (या प्रभावाचे एकक) मिळतो. लोखंडात इरिडियमचे अणू मिसळून जपानी संशोधकांनी तो ३२० पर्यंत नेला आहे.