गुलाबी चिठ्ठी बंद केली अन् माणसं व्यापाऱ्याकडं परत गेली

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमची एक छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सोयाबीन, तूर, थोडा हरभरा घेतो, चाळणीवर साफ करतो अन् पुढं मोठ्या खरेदीदाराला देतो. मी तिथं संचालक आहे. तीन वर्षांआधी ऐन दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनची आवक जोरात सुरू असताना आम्ही एक बदल केला. मालाची पावती म्हणून कार्बन लावून लिहायची गुलाबी चिठ्ठी बंद, कट्टे काट्यावर चढले की वजन सरळ ॲपमध्ये जाणार, शेतकऱ्याला मॅसेज येणार, आणि ओल दाताखाली दाणा धरून न सांगता मॉइश्चर मीटरवर मोजायची, म्हणजे 12 टक्क्यांच्या वर आहे की खाली यावर वाद नको. हिशेब चोख, चुकारा म्हणजे मालाचे पैसे लवकर. बदल चांगला होता, आजही मी तेच म्हणतो.

पण आठवडाभरात आवक बसली. आमच्याच सभासदांच्या बंड्या आमच्या गेटसमोरून पुढं व्यापाऱ्याकडं जाऊन राहिल्या होत्या. आम्ही मिटिंग घेतली, सगळ्यांचं एकच म्हणणं, लोकांना समजलं नाही, समजावून सांगा. मग शाळेत प्रोजेक्टर लावून ट्रेनिंग घेतलं, माणसं आली, चहा पिऊन गेली, माल काही आला नाही. तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, आणि त्या हिवाळ्यात मी एकच गोष्ट शोधत बसलो की चांगला बदल लोक नाकारतात ते काऊन. यावर 75-80 वर्षांपासून अभ्यास होऊन राहिला हे मला माहीतच नव्हतं.

सगळ्यात आधी कर्ट लेविन नावाचा माणूस सापडला. मानसशास्त्रज्ञ, 1890 मध्ये जन्म, 1933 मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती आणि सरकारला वाटत होतं की लोकांनी जनावराचं हृदय, किडनी असे भाग पण खावे, जे तिकडं कोणी ताटात घेत नसे (आपल्याकडं कलेजी-वजडीवर उड्या पडतात ते सोडा). लेविननं बायकांचे सहा गट घेतले. तीन गटांना छान भाषण दिलं, पोषण सांगितलं, पाककृती छापून दिल्या. बाकी तीन गटांत भाषण नाही, बायकांनीच आपसात बोलायचं, घरचे नाक मुरडतील त्याचं काय करायचं, वास कसा घालवायचा, आणि शेवटी कोण करून पाहणार ते हात वर करून ठरवायचं. वेळ दोन्हीकडं सारखाच, साधारण 45 मिनिटं. नंतर चौकशी केली तं भाषण ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी तो पदार्थ घरी केला होता, आणि आपसात बोलून ठरवलेल्यांपैकी 32 टक्के बायकांनी.

हे वाचलं अन् मला आमचा प्रोजेक्टर आठवला.

लेविनचं आणखी एक म्हणणं मला फार पटलं. तो म्हणे, कोणतीही जुनी पद्धत जागेवर टिकून असते ती दोन्हीकडून जोर लागलेला असतो म्हणून, काही गोष्टी पुढं ढकलतात, काही मागं ओढतात. आपण बदल करायचा म्हटलं की पुढून जोर वाढवतो, आदेश काढतो, बक्षीस लावतो, दंड लावतो. त्यानं माणसं हलतात पण ताण वाढतो, अन् हात सैल झाला की परत जागेवर. त्यापेक्षा मागं काय ओढून राहिलं ते शोधून ते कमी करा. काळ्या मातीत बंडी रुतली की बैलाला चाबूक मारत बसणारा आणि खाली उतरून चाकापुढचा चिखल काढणारा, दोन्ही आपण पाहिले आहेत.

मग मी चिखल पाहायला निघालो, म्हणजे घरोघरी गेलो, ट्रेनिंग द्यायला नाही, विचारायला. पहिल्याच घरी उत्तर मिळालं. एक मामाजी म्हणाले, "पोट्ट्याचा फोन पुण्यात, मॅसेज त्याले येते, मी दुकानदाराले काय दाखवू?" मला आधी कळलंच नाही. मग समजलं की ती गुलाबी चिठ्ठी नुसती पावती नव्हती. खरिपाचं बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर घेतलेलं असते, दिवाळीत दुकानदार तगादा लावतो, तेव्हा ही चिठ्ठी दाखवली की तो समजून जाये, माल दिला आहे, पैसे येऊन राहिले, अन् आठ दिवस थांबे. काही घरी तं बाई ती चिठ्ठी देवघराच्या खाली जपून ठेवे, काऊन की किती कट्टे गेले याचा तिच्याजवळ तेवढाच पुरावा. आम्ही एक कागद बंद केला असं आम्हाला वाटलं, आणि तिकडं उधारीचा आधार अन् घरातला हिशेब दोन्ही गेले. आमच्या ॲपमध्ये याच्यासाठी जागाच नव्हती, काऊन की ॲप बनवताना आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं.

कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की माणसाला हातातलं जाण्याचं दुःख तेवढंच मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं वाटते, नंतरच्या त्यांच्या मोजणीत ते साधारण दुप्पट निघालं. आम्ही लोकांना मिळणारं सांगत होतो, लवकर चुकारा, अचूक वजन. त्यांच्या हातून काय जाऊन राहिलं होतं ते आमच्या हिशेबात नव्हतंच.

दुसरा चिखल आमच्या गोदामातच होता. हमालांचे मुकादम, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो, 30 वर्षांपासून दाणा दाताखाली धरून ओल सांगतात. मीटर आल्यापासून ते गप्प झाले होते, काम सगळं करत पण आपणहून काही सांगत नसत, आणि मीटर दर दोन दिवसांनी "बिघडत" असे. मी एका संध्याकाळी त्यांच्यापाशी बसलो तेव्हा म्हणाले, "पहिले शेतकरी माह्याकडे पाहे, आता त्या डब्ब्याकडे पायते."

याच्याशी मिळताजुळता किस्सा इंग्लंडच्या कोळसा खाणींचा आहे, आणि वणी-चंद्रपूरकडं ज्यांचे नातेवाईक खाणीत आहेत त्यांनी तो जरूर ऐकावा. ट्रिस्ट आणि बॅमफर्थ या दोन अभ्यासकांनी 1951 मध्ये तो लिहिला, त्यातला बॅमफर्थ स्वतः आधी खाणकामगार होता. जुन्या पद्धतीत दोन-चार जणांची टोळी कोळसा फोडण्यापासून बाहेर काढण्यापर्यंत सगळं काम मिळून करे, एकमेकांचं भान ठेवे, टोळी आपणच जमवलेली. यंत्र आणि कन्व्हेअर आल्यावर 40-50 माणसं तीन पाळ्यांत वाटली गेली, एक पाळी फक्त कापणार, दुसरी फक्त भरणार. यंत्र ताकदीचं होतं तरी उत्पादन पाहिजे तसं वाढलं नाही, गैरहजेरी वाढली, पाळ्यांनी एकमेकांवर खापर फोडणं सुरू झालं. यंत्रासोबत माणसांची घडी पण बदलते, आणि ती घडी कोणी बसवली नाही तं यंत्र एकटं काही करू शकत नाही, हे त्या अभ्यासातून पुढं आलं.

पण ज्या अभ्यासानं माझं मत खरोखर बदललं तो पायजम्याच्या कारखान्यातला आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मॅरियन नावाच्या गावी हारवूड कंपनीचा कारखाना होता, बहुतेक कामगार बाया. कामाची पद्धत जराशी बदलली की उत्पादन पडे, बाया काम सोडून जात. कोच आणि फ्रेंच या दोन अभ्यासकांनी 1948 मध्ये त्यावरचा प्रयोग छापला. एका गटाला बदल फक्त सांगितला, कारणं पण सांगितली, आमच्या प्रोजेक्टरसारखं. दुसऱ्या गटानं आपले प्रतिनिधी पाठवले. बाकी दोन गटांत सगळ्याच जणी बदल ठरवायला बसल्या. पहिल्या गटाचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, 40 दिवसांत 17 टक्के कामगार सोडून गेले. सगळ्या जणी बसलेल्या गटांचं उत्पादन लवकरच सावरलं, आधीपेक्षा साधारण 14 टक्के वर गेलं, आणि त्या काळात एकही जण सोडून गेली नाही.

आता इथं कोणीही म्हणेल की पहिल्या गटातली माणसंच तशी असतील, आडमुठी. म्हणून त्यांनी काय केलं तं अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातले उरलेले 13 जण परत एकत्र आणले आणि नव्या कामाच्या वेळी त्यांना ठरवायला बसवलं. तीच माणसं! यावेळी पटकन सावरली अन् कोणी काम सोडलं नाही.

हे वाचून मी रात्री जागाच होतो. आम्ही ज्यांना अडाणी म्हणून मोकळे झालो त्या सगळ्यांचे चेहरे डोळ्यासमोर येत होते.

पण एक सांगतो, याला जादूची कांडी समजू नका. 1960 मध्ये नॉर्वेच्या एका कारखान्यात तसाच प्रयोग केला तेव्हा उत्पादनात काही फरक दिसला नाही. छोट्याशा, नावापुरत्या गोष्टीत मत विचारलं तं माणसाला ते लगेच कळते. आणि बदलाच्या ट्रेनिंगवाले स्लाइडवर टाकतात ना, की संस्थांमधले 70 टक्के बदल फसतात, त्या आकड्याच्या मुळाशी ह्यूज नावाचे अभ्यासक 2011 मध्ये गेले तं त्याला भक्कम पुरावाच सापडला नाही. असे आकडे ऐकून घाबरू नका, आपल्या गोदामात काय होऊन राहिलं ते पाहा.

आम्ही काय केलं तं गुलाबी चिठ्ठी परत आणली. ॲपमधूनच छापून निघते, रंग मुद्दाम गुलाबीच ठेवला, कागदाचा खर्च होतो तो होऊ द्या. मीटर काकाजींच्या ताब्यात दिला. आता ते आधी दाताखाली दाणा धरून आकडा सांगतात, मग मीटर लावतात, शेतकरी दोन्ही पाहतो. दोन्हीत फरक आला तं मीटर तपासायचा असं त्यांनीच ठरवलं, आणि खरंच दोनदा मीटरच चुकीचा निघाला, सेल उतरले होते. मीटर बिघडायचा बंद झाला. माल हळूहळू परत आला, सगळा नाही, काही जण अजूनही व्यापाऱ्याकडंच जातात आणि त्यांच्याकडं त्याची कारणं आहेत.

या वर्षी तुरीला ग्रेडनुसार वेगळा भाव द्यायचा विचार आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याचं हायब्रीड बियाणं आलं, त्यावर रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी 259 शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता, 1943 मध्ये छापलेला. त्यात दिसलं की विक्रेत्याकडून लोकांना बियाण्याची खबर लागली पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं वावर पाहून, आणि पहिल्यांदा ऐकल्यापासून पेरेपर्यंत कित्येक वर्षं गेली. सुरुवातही सगळ्या वावरात नाही, एका कोपऱ्यात. आपल्याकडं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, नवं बियाणं आलं की एक पाकीट धुऱ्याजवळ लावून पाहतात, तसंच.

म्हणून यावेळी भावाचा कागद भिंतीवर लावायच्या आधी सगळ्यांना बोलावलं, मिटिंग बाजाराच्या दिवशी ठेवली म्हणजे बाया पण येतील. दोन तास नुसती चर्चा झाली, काळा दाणा किती चालते, फुटका किती, चाळणीखालचा माल कोणाचा, तो घरी बैलाला न्यायचा असेल तं परत मिळणार का. शेवटचा प्रश्न एका काकूंनी विचारला, आमच्या कागदात तो नव्हताच. काकाजी सगळं ऐकून मग म्हणाले, "पहिले माह्या पुतण्याच्या दोन कट्ट्यावर करून पाहा, सगळ्यायसमोर." ते दोन कट्टे सध्या चाळणीच्या बाजूला वेगळे ठेवले आहेत, सोमवारी उघडणार आहोत.