म्हापशाला, बाजार करायला

'आई शुक्रवारी म्हापशाला बाजार करायला गेली.' या साध्या वाक्यात 'ला' दोनदा येतो. एकदा गावाच्या नावाला, एकदा 'कर' या धातूला. कोंकणीतही तीच तऱ्हा. 'हांव बाजाराक नुस्तें हाडूंक वतां' (मी बाजाराला मासळी आणायला जातो) म्हणताना 'क' दोनदा लागतो, बाजाराला आणि आणण्याला. आणि इंग्रजीत 'टू' दोनदा: 'टू मापुसा', 'टू डू द शॉपिंग'.

हा योगायोग नव्हे. आपण जिथे जातो ते ठिकाण आणि ज्यासाठी जातो ते काम, दोन्ही दाखवायला जगातल्या बऱ्याच भाषा एकच खूण वापरतात. मग ती खूण झिजते. हेतू मागे पडतो आणि उरतं ते क्रियापदाचं नुसतं रूप. एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही हाच प्रवास दिसतो, हे मार्टिन हास्पेलमाथ या भाषावैज्ञानिकांनी १९८९ साली मांडलं. आपल्याकडची साक्ष हवी तर 'मला पोहायला आवडतं' हे वाक्य घ्या. इथे कुणी कशासाठी कुठे निघालेलं नाही, तरी 'ला' आहेच. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना 'गन्तुम्', 'पठितुम्' ही तुमन्त रूपं आठवत असतील. त्यांना 'हेत्वर्थक' म्हणतात, ते उगाच नाही.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत खाणे म्हणजे 'एटन' आणि खाण्यासाठी म्हणजे 'टो एटन्ने'. त्यातलं 'टो' हे सरळसरळ शब्दयोगी अव्यय होतं आणि पुढच्या क्रियापदाला चतुर्थीचा प्रत्यय लागलेला होता. पुढे इंग्रजीचे प्रत्यय गळून पडले आणि 'टू' एकटा राहिला. त्याचा हेतूचा अर्थही इतका पातळ झाला की लोक त्याच्याआधी 'फॉर' लावू लागले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या कवितेत 'फॉर टू' राजरोस येतं. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेला डिचोलीचा किंवा सत्तरीचा मुलगा 'घेण्यासाठी' मनात धरून 'फॉर टू बाय' लिहितो आणि वहीवर लाल रेघ येते. सहाशे वर्षांपूर्वी ती आली नसती.

'टू'चा हा पूर्वेतिहास ठाऊक असला की एक नियम आपोआप उलगडतो. इंग्रजीत शब्दयोगी अव्ययापुढे क्रियापद आलं की ते 'इंग' घेऊन येतं: 'बिफोर गोइंग', 'विदाउट ईटिंग'. 'बिफोर टू गो' चालत नाही, कारण 'टू' मुळात स्वतःच शब्दयोगी. एका जागेवर दोघं कसे बसणार? मराठीही 'जाण्याआधी' म्हणते, 'जायलाआधी' म्हणत नाही. 'इंग'चं काम आपल्याकडे 'ण्या' करतो. 'अबाउट टू गो'सारखे अपवाद आहेत, पण थोडे.

खरी गडबड होते ती 'टू' अजूनही जुन्याच कामावर असतो तिथे. हॉटेलातल्या नोकरीसाठी केलेल्या अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' हे वाक्य हमखास दिसतं. ते चुकीचं का? 'टू'पुढे एखादं नाम ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू संडे' बरोबर बसतं. म्हणजे हा 'टू' म्हापशाच्या जातीचा आहे, बाजार करायच्या जातीचा नाही. त्याच्यापुढे 'मीटिंग' हवं. उलट 'आय वाँट टू संडे' म्हणून पाहा, वाक्य कोसळतं. 'यूज्ड टू'मध्ये तर दोन्ही जाती एकाच वेषात फिरतात: 'आय यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे पूर्वी गाडी चालवायचो, आणि 'आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग' म्हणजे चालवायची सवय आहे.

आता क्रियाविशेषणं. एका गृहस्थांनी फेणी सोडायचं ठरवलं, पण हळूहळू. इंग्रजीत 'ग्रॅज्युअली' ठेवायचा कुठे? 'ही डिसाइडेड ग्रॅज्युअली टू गिव्ह अप फेणी' म्हटलं तर निर्णयच हळूहळू झाला की फेणी हळूहळू सुटणार, ते कळत नाही. 'टू ग्रॅज्युअली गिव्ह अप' म्हटलं की शंका मिटते. पण नेमकी हीच रचना कैक वर्गांत चूक ठरते, कारण 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये कुणी घुसायचं नाही, असं घोकवलेलं असतं. कँटरबरीचे डीन, म्हणजे तिथल्या कॅथिड्रलचे प्रमुख धर्मगुरू, हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ साली या रचनेला नावं ठेवली आणि ते सोवळं पुढे वाढत गेलं. त्याआधी कित्येक शतकं इंग्रज बिनदिक्कत असं लिहीत होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढे त्याने कोंकणीचं व्याकरण लिहिलं. तो निघाला तेव्हा त्याच्या स्वतःच्या भाषेचं व्याकरण छापलंही गेलं नव्हतं. विल्यम बुलोकरचं पहिलं इंग्रजी व्याकरण १५८६ सालचं.

लॅटिनमध्ये 'टू गिव्ह'सारखं रूप एकाच शब्दाचं असतं, ते फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये, असाही युक्तिवाद ऐकू येतो. फोडता तर 'करायला'ही येत नाही, पण म्हणून इंग्रजांनी मराठीचं ऐकावं असं कुणी म्हणत नाही. फाउलर या इंग्रजी कोशकाराने १९२६ साली या प्रश्नावरून इंग्रजी भाषकांचे पाच वर्ग पाडले. त्यातले सुखी कोण, तर ज्यांना हा प्रश्न ठाऊकही नाही आणि त्याची फिकीरही नाही. माझं मत विचाराल तर अर्थ स्वच्छ होत असेल तिथे खुशाल फोडावं. काही वाक्यांत तर पर्यायच नसतो. पर्यटक दुपटीहून जास्त वाढतील, हे सांगताना 'टू मोअर दॅन डबल' यातलं 'मोअर दॅन' हलवून दाखवा.

फेणीच्या वाक्यात आणखी एक चिमुकला शब्द आहे: 'अप'. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. मराठी हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते: 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. हा 'अप' मोकळा फिरतो. 'टू गिव्ह अप फेणी' चालतं, 'टू गिव्ह फेणी अप'ही चालतं. मात्र फेणीच्या जागी 'इट' आलं की त्याला मध्येच बसावं लागतं: 'टू गिव्ह इट अप'. 'लुक अ‍ॅट'मधला 'अ‍ॅट' असा सुटत नाही. 'लुक इट अ‍ॅट' कुणी म्हणणार नाही. क्रियापदाला जोडलेला शब्द 'अप'सारखा फिरता आहे की 'अ‍ॅट'सारखा खरा शब्दयोगी, ते 'इट' घालून लगेच कळतं.

राहिली ती मराठी माणसाला सर्वांत अनोळखी वाटणारी जागा: वाक्याच्या अगदी शेवटी लटकणारं अव्यय. 'लिहायला काहीतरी दे' म्हटलं की समोरचा आपल्या हातात वही दिसली तर पेन देतो, पेन दिसलं तर कागद. भाषेने काही सांगितलेलं नसतं, डोळे सांगतात. इंग्रजी एवढी मोकळीक देत नाही. 'समथिंग टू राइट विथ' म्हणजे पेन, 'टू राइट ऑन' म्हणजे कागद, 'टू राइट अबाउट' म्हणजे विषय. 'बोलायला कुणीतरी हवं' याचेही दोन अर्थ होतात, भाषण ठोकायला वक्ता हवा किंवा मन मोकळं करायला सोबत हवी. इंग्रजीत सोबतीसाठी 'समवन टू टॉक टू'. इथे दोन्ही 'टू' एकाच वाक्यात आले आहेत, पहिला बाजार करायचा आणि शेवटचा म्हापशाचा.

शेवटी लटकणाऱ्या अव्ययांवरही एकदा बंदी घालून झाली होती. कवी ड्रायडनने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातला तो दोष म्हणून दाखवला आणि नंतर स्वतःच्या जुन्या लेखनातूनही अशी वाक्यं काढून टाकली. पोर्तुगीजमध्ये हा वाद उद्भवतच नाही. तिथे अव्यय आधीच येतं, आपल्या 'ज्याच्याशी बोलावं असं कुणीतरी'सारखं. जुन्या पिढीतले जे गोवेकर आधी पोर्तुगीज शिकले आणि मग इंग्रजीकडे वळले, त्यांना 'विथ हूम टू टॉक' हे जडशीळ इंग्रजी सहज जमायचं. अडायचं ते 'टू टॉक टू'पाशी.