वसई-विरार: पाण्याने आखलेलं उपनगर

विरार लोकल भाईंदर सोडून खाडीच्या पुलावर आली की साष्टी बेट संपतं. पुढे नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत 12 लाख 22 हजार माणसं मोजली गेली. ती इथे का आली, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मुंबईत घर परवडत नव्हतं आणि इथून लोकल मिळत होती. ती कुठल्या जमिनीवर येऊन राहिली, हा प्रश्न मात्र फार कमी वेळा विचारला जातो. दर पावसाळ्यात इथे जे घडतं त्याचं कारण त्याच जमिनीत आहे.

उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. या चौकटीतली जमीन एकसारखी नाही. किनाऱ्यालगत वाळूचा आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा थोडा उंच पट्टा आहे. अर्नाळा, आगाशी, निर्मळ, भुईगाव ही जुनी गावं त्यावरची. त्याच्या पूर्वेला सखल खाजणं (भरतीचं खारं पाणी शिरतं अशी जमीन), मिठागरं आणि भातशेती. या सखल भागातून पूर्वी एक खाडी वैतरणेपासून वसईच्या खाडीपर्यंत जायची, म्हणजे किनाऱ्याचा पट्टा एके काळी बेटच होता. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने ज्याची नोंद केली ते सोपारा बंदर (आजचं नालासोपारा) याच खाडीच्या आधाराने नांदलं. 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, त्याच वर्षी अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि सोपाऱ्यापासून समुद्र दुरावला.

जुनी वस्ती वाळूच्या पट्ट्यावर का, याचं उत्तर विहिरीत आहे. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दोघांच्या घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्के, पण त्याचा परिणाम मोठा. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर गोड्या पाण्याचा थर सपाटीखाली सुमारे 40 मीटरपर्यंत जाऊ शकतो. हेच गणित उलटंही चालतं. उपसा करून पातळी एक मीटर खाली आणली, की खारं पाणी कालांतराने 40 मीटर वर सरकू शकतं. प्रत्यक्षात जमिनीच्या थरांनुसार आकडे बदलतात, पण धोक्याची दिशा तीच राहते.

इथल्या बागायतदारांनी हे सूत्र कागदावर मांडलं नव्हतं, तरी ते त्याप्रमाणेच वागत होते. वाडीत खणलेलं बावखल हा त्याचा पुरावा. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं, खणून केलेलं तळं. त्यात साचलेलं पाणी हळूहळू आजूबाजूच्या जमिनीत झिरपतं, विहिरींना आधार देतं आणि खाऱ्या पाण्याला खालीच रोखून धरतं. वसईची केळी, पानवेली आणि फुलं याच पाण्यावर पिकली. कोकणच्या किनाऱ्यावर यापेक्षा शहाणी जलव्यवस्था मी तरी पाहिलेली नाही.

मग रेल्वे आली. 1867 मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली, 1936 मध्ये विजेची लोकल विरारपर्यंत पोहोचली. रूळ गेले ते वाळूच्या पट्ट्याच्या पूर्वेकडून, सखल भागातून. जुनी गावं आणि स्थानकं यांत त्यामुळे अंतर पडलं. 1980 नंतर घरांची मागणी वाढली तेव्हा माणसाला हवं होतं स्थानकाजवळचं घर, आणि स्थानकाजवळची स्वस्त जमीन म्हणजे भाताची खाचरं. त्यांवर भरणी झाली, चाळी आणि चार मजली इमारती उठल्या. 1990 च्या दशकात सिडको ही राज्य सरकारची नगरनियोजन संस्था नियोजन प्राधिकरण म्हणून आली, पण वस्ती आराखड्याच्या पुढेच धावत होती. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली.

नव्या इमारतींना पाणी कुठून? नळ पोहोचेपर्यंत पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींतून टँकर भरले जात. विहिरी खारावू लागल्या तसं हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते. काहींना तो विकासाला विरोध वाटला. माझ्या मते ते भूजलशास्त्राला धरूनच होतं. आता शहराची तहान मुख्यतः धामणीच्या सूर्या धरणावर भागते, जे मुळात शेतीच्या सिंचनासाठी बांधलं गेलं होतं.

सखल भागाने हिशेब मागितला तो पावसाळ्यात. तुंगारेश्वरचं पाणी पश्चिमेकडे उतरतं, रेल्वेच्या भरावापाशी मोजक्या मोऱ्यांतून वाट काढतं आणि पूर्वी खाजणात पसरायचं. आता तिथे इमारती आहेत. त्यात समुद्राला उधाण असेल तर खाड्यांची तोंडं भरलेली असतात, पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, लोकल थांबल्या आणि वसईच्या मिठागरांत शेकडो माणसं अडकली.

उपाय म्हणून नाले रुंद करण्याची चर्चा होते. ते करायलाच हवं, पण उधाणाच्या तासांत रुंद नालाही तुंबतो. त्या काही तासांपुरतं पाणी थोपवून धरणाऱ्या जागा लागतात, आणि त्या म्हणजे उरलेली खाजणं, मिठागरं, तळी आणि बावखलं. म्हणून बावखल बुजवायची परवानगी देताना पालिकेने त्यात किती पाणी मावत होतं याचा आकडा मागायला हवा, आणि खाजणावर इमारत उभी राहणार असेल तर तिथलं पाणी कुठे जाणार, हेही बांधकामाआधी नकाशावर दाखवायला लावायला हवं.