पपेटमधील ‘ओव्हरराइड’: क्लास इनहेरिटन्स आणि हायेरा

एखाद्या सर्व्हरची सेटिंग इतरांपेक्षा वेगळी ठेवायची असेल, तर सर्व्हरांची कॉन्फिगरेशन सांभाळणाऱ्या पपेट या साधनात क्लास इनहेरिटन्स (एका क्लासने, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या गटाने, दुसऱ्याचा वारसा घेणे) आणि हायेरा (मूल्ये कोडबाहेर डेटा फाइलांत ठेवण्याची सोय) हे दोन मार्ग समोर येतात. दोन्हींना ‘ओव्हरराइड’च म्हटले जाते, म्हणून ते एकमेकांचे पर्याय वाटतात, प्रत्यक्षात पहिल्यात बदलतो तो क्लासमध्ये घोषित केलेला रिसोर्स (फाइल, सर्व्हिस अशी पपेटने सांभाळायची गोष्ट), आणि दुसऱ्यात बदलते ते क्लासला पुरवले जाणारे मूल्य.

समजा, मूळ क्लासने एसएसएचची (दूरून लॉगिन करण्याच्या सेवेची) कॉन्फिग फाइल घोषित केली आहे. ‘इनहेरिट्स’ वापरून त्याचा उपक्लास केला, की मूळ क्लासचे मूल्यमापन आधी होते आणि उपक्लासला त्याच फाइलचा सोर्स, मोड किंवा ओनर बदलता येतो, इतकेच नव्हे तर ‘अनडेफ’ देऊन एखादा ॲट्रिब्यूट रद्दही करता येतो. एकच रिसोर्स दोनदा घोषित केलेला पपेटला एरवी चालत नाही, म्हणून ही सवलत मोठी आहे. मात्र ती वरून खालीच चालते. दोन भावंड-उपक्लासांनी तोच ॲट्रिब्यूट बदलला आणि दोन्ही एकाच सर्व्हरला लागू झाले, तर कॅटलॉग, म्हणजे त्या सर्व्हरवर लागू करायच्या रिसोर्सची यादी, तयारच होत नाही. मला हे योग्यच वाटते, कारण कोणता बदल टिकला याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा काम तिथेच थांबलेले बरे.

हायेरामध्ये क्लासच्या कोडला हात लावावा लागत नाही. पपेट 3 पासून क्लासचे पॅरामीटर (क्लासला बाहेरून द्यायची मूल्ये) हायेरातून आपोआप शोधले जातात: आधी त्या सर्व्हरच्या नावाची यॅमल (साध्या मजकुरातील डेटाची) फाइल, मग ऑपरेटिंग सिस्टिमची, शेवटी सर्वांसाठीची सामाईक, असा क्रम आपण लावलेला असतो आणि पहिले सापडलेले मूल्य घेतले जाते. फसगत होते ती येथे. सामाईक फाइलमध्ये चार टाइम सर्व्हरांची यादी असताना एका मशीनच्या फाइलमध्ये पाचवा लिहिला, तर त्या मशीनला पाच नव्हे, फक्त एकच मिळतो. याद्या एकत्र व्हायच्या असतील तर त्या पॅरामीटरसाठी ‘युनिक’ मर्ज (दुहेरी नोंदी वगळून याद्या जोडण्याची पद्धत) स्पष्टपणे सांगावा लागतो. मूल्य कोणत्या फाइलमधून आले हे ‘पपेट लुकअप’ला ‘एक्सप्लेन’ पर्याय दिल्यास दिसते.

त्यामुळे पॅरामीटर उपलब्ध असेल तेथे हायेराच वापरावा, आणि बदलायच्या ॲट्रिब्यूटसाठी पॅरामीटरच नसेल तेव्हा इनहेरिटन्सचा विचार करावा. नोडने (एखाद्या सर्व्हरसाठीच्या व्याख्येने) दुसऱ्या नोडचा वारसा घेण्याची तिसरी जुनी सोय मात्र पपेट 4 मध्ये काढून टाकण्यात आली आहे.