खात्यात पैसे नाहीत म्हणून पैसे कापले

ऑगस्ट २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या पहिल्या दोन हप्त्यांचे ३,००० रुपये बायकांच्या खात्यांत पडू लागले आणि लगोलग तक्रारीही सुरू झाल्या. मोबाइलवर जमेचा मेसेज आला होता, पण बँकेत गेल्यावर रक्कम निम्मीशिम्मी, कुणाची पुरती गायब. थकलेल्या चार्जेसपोटी किंवा जुन्या कर्जापोटी बँकांनी ती परस्पर वळती करून घेतली होती. शेवटी या पैशांतून कपात करू नका, असं राज्य सरकारला बँकांना बजावावं लागलं. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी तसं जाहीरही केलं. शाखेतल्या कुणी मुद्दाम हे केलं असेल असं मला वाटत नाही. खात्यावर काही येणं बाकी असेल तर पुढची जमा आली की आधी ते वसूल करायचं, हे बँकेच्या संगणकात बसवलेलंच असतं. ती जमा मजुरीची, पेन्शनची की अनुदानाची, हे तो विचारत नाही.

अमेरिकेत (आणि २०२० पर्यंत इंग्लंडमध्येही) गरिबाच्या खात्यावरचा हा भुर्दंड ओव्हरड्राफ्टच्या, म्हणजे शिल्लकीहून जास्त पैसे काढू देण्याच्या, शुल्कातून येतो. आपल्याकडे साध्या बचत खात्याला ती सोय सहसा नसते, म्हणून तो दोन वेगळ्या वाटांनी येतो. मिनिमम बॅलन्स ठेवला नाही म्हणून एक दंड आणि हप्ता बाउन्स झाला म्हणून दुसरा. दोन्हींचं मूळ एकाच निर्णयात आहे.

१९९९ पर्यंत बँकांचे बहुतेक सेवाशुल्काचे दर इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांचीच संघटना ठरवत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने ही पद्धत मोडली आणि प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला स्वतःचे दर ठरवायची मोकळीक दिली. उदारीकरणाचे दिवस होते. स्पर्धा आली की दर आपोआप उतरतील, असा हिशोब. स्पर्धा आली, पण ती पगारदार, शहरी, सतत शिल्लक ठेवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. नव्या खासगी बँकांना छोटं खातं नकोच होतं, आणि मोठी किमान शिल्लक ही नको असलेला माणूस दारातच गाळून टाकणारी चाळणी होती. ज्याच्यासाठी कुणी स्पर्धाच करत नव्हतं, त्याचे दर उतरणार कसे?

ओरड वाढल्यावर २००६ साली रिझर्व्ह बँकेने महाराष्ट्र व गोव्याचे तेव्हाचे बँकिंग लोकपाल एन. सदाशिवन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. त्याच्या शिफारशींवरून फेब्रुवारी २००७ मध्ये परिपत्रक निघालं. व्यक्तींना आकारायचे दर संस्थांपेक्षा कमी असावेत, ग्रामीण भागातले लोक, निवृत्तिवेतनधारक आणि ज्येष्ठ नागरिक यांना आणखी सवलत मिळावी, शुल्क वाजवी असावं. सगळं योग्यच. फक्त वाजवी म्हणजे किती रुपये, हे त्यात नव्हतं. ते पुन्हा संचालक मंडळांवरच सोपवलं होतं.

दुसरीकडे गरिबासाठी वेगळं खातं काढायची खटपट चालू होती. नोव्हेंबर २००५ मध्ये 'नो फ्रिल्स' खाती आली, ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या जागी मूलभूत बचत खातं आलं. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चार वेळा पैसे काढायची मुभा. २०१४ च्या ऑगस्टात सुरू झालेल्या जनधन योजनेची खाती याच जातकुळीतली. म्हणजे दंड न बसणारं खातं कागदावर केव्हाचंच आहे. बँकेच्या काउंटरवर मात्र ते मागितल्याशिवाय क्वचितच पुढे केलं जातं, आणि मागायला ते असतं हे आधी माहीत लागतं.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचं वर्ष २०१४ वाटतं, कारण तेव्हा वेगळा रस्ता अगदी समोर होता. रघुराम राजन गव्हर्नर होते. १ एप्रिलच्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट म्हटलं की ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये. शिल्लक कमी पडली तर दंड लावण्याऐवजी त्या खात्याच्या सेवा मूलभूत खात्याइतक्या कमी कराव्यात आणि शिल्लक पुन्हा भरली की सेवाही पूर्ववत कराव्यात. दंड नाहीच! मात्र २० नोव्हेंबरला प्रत्यक्ष परिपत्रक आलं तेव्हा दंड कायम होता, त्याला कुंपण घातलेलं होतं. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेले हे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. शिल्लक कमी पडल्याचं आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. ती भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड जितकी तूट तितक्या प्रमाणात. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे जाता कामा नये. यातला शेवटचा नियम बहुतेकांना ठाऊकच नाही. खातं उणे दाखवून 'आधी एवढे भरा, मग बंद करू' असं सांगणाऱ्या शाखेसमोर तोच ठेवायला हवा.

मग आलं २०१७. स्टेट बँकेने २०१२ मध्ये किमान शिल्लकीची अट काढून टाकली होती. पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक तिच्यात विलीन झाल्या त्याच दिवशी, १ एप्रिल २०१७ ला, ती अट परत आली. महानगरांत ५,००० रुपये, शहरांत ३,०००, निमशहरी भागात २,०००, खेड्यात १,०००. तेव्हाच्या अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांनी एक कारण असं दिलं होतं की जनधन खाती सांभाळण्याचा बोजा मोठा आहे आणि तो कुठून तरी भरून काढावा लागतो. गरिबांच्या खात्यांचा खर्च त्यांच्याहून जेमतेम एक पायरी वर असलेल्यांकडून काढायचा, असा याचा सरळ अर्थ होतो.

कारण ही अट दर महिन्याच्या सरासरी शिल्लकीवर मोजली जाते. समजा घरकाम करणाऱ्या बाईचे ९,००० रुपये ७ तारखेला जमा झाले आणि भाडं, वाणी, शाळा करत तीन दिवसांत सगळे निघाले. तीस दिवसांच्या महिन्यात तिची सरासरी येते फार तर ९०० रुपये. किमान ३,००० ची अट असेल तर तूट निदान ७० टक्के. ९०,००० रुपये एकच दिवस खात्यात ठेवून दुसऱ्या दिवशी काढून घेणारा माणूस याच कसोटीला बरोबर ३,००० ने उतरतो. तिने खातं खरोखर वापरलं तरी दंड तिलाच, वर १८ टक्के जीएसटी.

ऑक्टोबर २०१७ मध्ये महानगरांची मर्यादा ३,००० वर आली. खरा गदारोळ उठला तो जानेवारी २०१८ मध्ये, आकडा बाहेर आल्यावर. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने या दंडातून १,७७१.६७ कोटी रुपये गोळा केले होते. बँकेचा जुलै-सप्टेंबर तिमाहीचा निव्वळ नफा होता १,५८१.५५ कोटी. एप्रिल २०१८ पासून महानगरांतला जास्तीत जास्त मासिक दंड ५० रुपयांवरून १५ वर आला, आणि ११ मार्च २०२० ला बँकेने सगळ्या बचत खात्यांवरची अटच रद्द केल्याचं जाहीर केलं. बँकेचा खर्च मधल्या काळात कमी झाला नव्हता, बेरीज चारचौघांत आली होती.

बेरीज करणाऱ्यांत पवईचं एक नाव घ्यायलाच हवं. आयआयटी मुंबईचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास वर्षानुवर्षं बँकांच्या शुल्कांचा माग काढत आले आहेत. त्यांच्या २०२१ च्या अहवालातली गोष्ट तर थेट मूलभूत खात्यांचीच आहे. महिन्यातल्या चार व्यवहारांनंतर प्रत्येक नावे व्यवहाराला, म्हणजे खात्यातून पैसे जाण्याच्या व्यवहाराला, स्टेट बँक १५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे कापत होती. त्यात यूपीआय आणि रुपे कार्डाचे व्यवहारही आले. एकीकडे सरकार डिजिटल व्यवहार करा म्हणून सांगत होतं आणि दुसरीकडे पन्नास रुपयांच्या भाजीमागे हा आकार. २०१५ ते २०२० या काळात अशा सुमारे १२ कोटी खात्यांतून ३०० कोटींच्या वर रक्कम गोळा झाल्याचं दास यांनी दाखवलं. १ जानेवारी २०२० नंतर डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करा, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सांगितल्यावर स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी परत केले. दास यांच्या हिशोबाने १६४ कोटी तरीही राहिले होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत उत्तर देताना तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री, आपल्या मराठवाड्यातले भागवत कराड यांनी सांगितलं की सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी मिळून २०१८ पासून किमान शिल्लकीच्या दंडातून २१,००० कोटींहून अधिक रक्कम जमा केली. एसएमएसचं शुल्क आणि एटीएमच्या जादा व्यवहारांचं शुल्क धरून बेरीज ३५,००० कोटींच्या पुढे गेली. एसएमएसचेच ६,००० कोटींवर!

२०२५ मध्ये चित्र दोन तुकड्यांत विभागलं. कॅनरा बँकेने १ जूनपासून बचत खात्यावरचा हा दंड बंद केला, पाठोपाठ पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा वगैरे सरकारी बँकांनीही तेच केलं. त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी ५०,००० रुपये केली आणि टीका होताच काही दिवसांत ती १५,००० वर आणली. ५०,००० च्या अटीबद्दल रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा म्हणाले होते की किमान शिल्लक ठरवणं हा बँकांचा प्रश्न आहे, तो नियामकाच्या कक्षेत येत नाही. १९९९ पासूनची भूमिका तसूभर हललेली नाही.

आज याचा फटका बसतो तो बहुतेक पगाराच्या खात्यातून. कंत्राटदार एखाद्या खासगी बँकेत झिरो बॅलन्सचं सॅलरी अकाउंट काढून देतो. काम सुटतं, पगार यायचा थांबतो आणि काही महिन्यांत तेच खातं गुपचूप साधं बचत खातं होऊन किमान शिल्लक मागू लागतं. अशा वेळी ते मूलभूत बचत खात्यात बदलून द्या, असा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. त्याच बँकेत दुसरं बचत खातं असेल तर ते तीस दिवसांत बंद करावं लागतं. चुकीच्या कपातीची तक्रार आधी बँकेकडे करायची; तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बाउन्सची वाट मात्र अजून जवळपास मोकळीच आहे. मोबाइलचा किंवा दुचाकीचा हप्ता खात्यात पैसे नसताना आला की खातं असलेली बँक दंड लावते आणि कर्ज देणारी कंपनी तिचा वेगळा लावते. कंपनीने तोच हप्ता त्या महिन्यात पुन्हा पाठवला की बँकेचा दंड पुन्हा पडतो. खातं उणे जाऊ न देण्याचा २०१४ चा नियम किमान शिल्लकीच्या दंडापुरता आहे. हप्ता परत गेल्याचा आकार त्यात येत नाही, आणि त्याची रक्कम आजही प्रत्येक बँक आपल्या दरपत्रकात स्वतःच ठरवते.